घरचा गोलकीपर

लिलावात माणसाची बोली त्याच्या तोंडावर लावतात हे बरं नाही, असं मी आता सगळ्यांना सांगत फिरतो. त्या दिवशी मात्र पंखा स्वतःकडे वळवून पहिल्या रांगेत ऐटीत बसलो होतो.

आमच्या अमरावतीत हॉकीची स्पर्धा भरणार होती आणि मी एका संघाचा मॅनेजर होतो. पैशाचा व्यवहार नव्हता. प्रत्येक संघाला हजार पॉइंट, त्यात बोली लावून अकरा खेळाडू घ्यायचे. पॉइंट संपले की गप बसायचं. फक्त आपला एक जुना खेळाडू लिलावाआधीच पन्नास पॉइंटांत राखून ठेवता येत होता.

आमचा गोलकीपर माझा शाळेपासूनचा दोस्त. बापाच्या काळापासून त्यांचं गाद्यांचं दुकान. संघाजवळ पॅड घ्यायची ऐपत नव्हती तेव्हा त्यानं जाड कापडात कापूस ठासून स्वतः पॅड शिवले, आणि पंधरा वर्षं तेच पायाला बांधून आमचा गोल राखला. आता गुडघे बोलायला लागले होते. लिलावाच्या आदल्या दिवशी दुकानात चहा पाजून तो म्हणाला, हे शेवटचं वर्ष, आपल्याच गोलमध्ये उभं राहून स्टिक खाली ठेवायची आहे.

"राखशीन ना मले?"

"तू तं घरचाच आहे बे," मी म्हणालो. "तुले कोन नेते?"

आणि राखून ठेवलं मधल्या फळीतल्या एकाला. माझा हिशोब असा, की म्हाताऱ्या गोलकीपरवर कोणी बोली लावणार नाही, तो शेवटी पन्नासात येतोच. मग त्याच्यावर ती सवलत कशाला वाया घालवा? मी स्वतःला फार हुशार समजत होतो.

लिलाव एका मंगल कार्यालयात होता, खेळाडू मागच्या खुर्च्यांवर बसलेले. नावं चिठ्ठीनं निघत होती. तिसरीच चिठ्ठी एका नामी फॉरवर्डची. समोर अकोल्याचा मॅनेजर. गेल्या वर्षी आम्हाला हरवल्यावर तो चारचौघांत म्हणाला होता, की अमरावतीवाले खेळण्यापेक्षा बोलतातच जास्त. ते माझ्या डोक्यात होतंच. त्यानं बोली वाढवली, मी वाढवली. मागून माझा दोस्त हातानं 'पुरे, पुरे' करत होता. मी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. सहाशे वीसला अकोलेकरानं हाताची घडी घातली आणि हसला. मला टाळ्या पडल्या. त्यानं मला चढवलं होतं, हे कळायला मला अर्धा तास लागला.

उरलेल्या पॉइंटांत रडतखडत आठ जणांना घेतलं. एक जागा राहिली, गोलकीपरची, आणि पॉइंट राहिले तीस. नव्या पोरांची बोली वीसपासून होती, जुन्यांची पन्नासपासून.

त्याचं नाव पुकारलं. बोली लागायच्या आधीच तो उठला, गुडघ्यावर हात टेकत आमच्या रांगेकडे यायला निघाला. त्याला खात्रीच होती ना! मी मांडीवरच्या कागदाकडे पाहत राहिलो. दुसऱ्यांदा पुकारलं. तो खुर्च्यांच्या मधे थांबला होता. मागे कोणीतरी हसलं. मी मान वर केली नाही. एवढं तरी करायला हवं होतं.

"पन्नास," अकोलेकर म्हणाला.

तो वळला आणि त्यांच्या बाजूला जाऊन बसला. वीस पॉइंटांत एक नवखा गोलकीपर घेतला, कागदावर सही केली आणि मागच्या दारानं निघालो. पुढे स्पर्धा संपेपर्यंत मी त्या दुकानाचा रस्ताच टाळला. बाजारात जायला लांबून फेरा घेत होतो, काय लाज होती ती.

शेवटचा सामना आमचा आणि अकोल्याचाच आला. बरोबरी झाली, पेनल्टी स्ट्रोक लागले. आमच्याकडून शेवटचा स्ट्रोक मारायला सहाशे वीसवाला आला. माझ्या दोस्तानं डावा पाय टाकून चेंडू अडवला. त्याच जुन्या पॅडवर. आम्ही हरलो, आणि आमचेच लोक त्याच्यासाठी टाळ्या वाजवायला लागले. माझेही हात उठले होते, ते मी मांडीखाली दाबून धरले.

खेळ संपल्यावर तो लंगडत माझ्याजवळ आला. पॅड सोडून माझ्या पायाशी ठेवले आणि म्हणाला, हे संघाचे आहेत, त्या नव्या पोराला दे. मी काहीतरी पुटपुटायला लागलो. पॉइंट, नियम, असलंच काहीतरी. त्यानं ऐकून घेतलं.

"पुढच्या वर्षी कोनाले घरचा म्हनशीन," तो म्हणाला, "तं त्याचं नाव पहिले लिहिजो."

मी "हो" म्हणालो. माफी मागायची होती, ती तेव्हाही राहिली आणि अजूनही राहिलीच आहे.