काकांचं गाऱ्हाणं आणि माझं पोहणं

पुण्यात मी स्वतःला मालवणचा म्हणवतो. हे अगदीच खोटं नाही. आमचं गाव मालवणपासून पस्तीस किलोमीटर आत आहे आणि त्याचं नाव सांगितलं तर पुण्यात कुणाला काही कळत नाही. मालवण म्हटलं की मात्र समोरच्याचा चेहरा खुलतो आणि पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "मग काय, लहानपणापासून समुद्रातच पोहत असाल?" पहिल्यांदा कुणी विचारलं तेव्हा मी नुसता हसलो. दुसऱ्यांदा "म्हणजे काय" म्हणालो. तिसऱ्या वेळेपासून माझी गाडी जी सुटली ती थांबलीच नाही. मी बुड्या मारू लागलो, लाटांवर स्वार होऊ लागलो, एकदा तर ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत मी सिंधुदुर्ग किल्ल्याला पोहत वळसा घालून आलो.

खरी गोष्ट अशी की आमचं गाव भाताचं आणि काजूचं. समुद्र आम्ही वर्षातून एकदा बघायचो, कुणकेश्वरच्या जत्रेला. पाय भिजवायचे, दोन बोटं पाणी डोळ्यांना लावायचं आणि पाठ फिरवून देवळाच्या रांगेत लागायचं. त्यात नऊ वर्षांचा असताना मी गावच्या व्हाळात, म्हणजे ओढ्यात, घसरून पडलो. थोरल्या काकांनी केसांना धरून वर ओढलं म्हणून हे लिहितो आहे. तेव्हापासून गुडघ्याच्या वर पाणी चढलं की मी मागे फिरतो, मग ते बादलीतलं असो की बंगालच्या उपसागरातलं.

ऑफिसातल्या थापा कुणाला बाधत नव्हत्या. पण त्याच थापा मी घरी मुलीलाही सांगत होतो, आणि तिथे त्यांना निमित्त होतं. मुलगी सात वर्षांची असताना पोहण्याच्या क्लासमधल्या सरांनी तिला खोल पाण्यात ढकललं. भीती जावी म्हणून. ती गेली नाही, कायमची राहायला आली. पुढची पाच वर्षं ती शॉवरखालीसुद्धा डोळे उघडे ठेवून उभी राहायची. तिला धीर यावा म्हणून मी सांगायचो, "मी तुझ्याएवढा होतो ना, तेव्हा मला पाण्याची भीती म्हणजे काय हेच माहीत नव्हतं." ती गप्प ऐकायची. मला वाटायचं, कौतुकानं ऐकते आहे. बायकोला सगळं खरं माहीत होतं. ती म्हणायची, हे एक दिवस अंगाशी येणार आहे.

गेल्या डिसेंबरात आलं. मुलीनं वर्गातल्या मैत्रिणीच्या फोनवर पाण्याखालच्या माशांचा व्हिडिओ पाहिला आणि जेवताना, ताटाकडे बघत, जाहीर केलं, "मी पण स्नॉर्केलिंग करणार. पण बाबा माझ्या शेजारी पाण्यात असेल तरच." पाच वर्षांत पहिल्यांदा ती आपणहून पाण्यात उतरायचं म्हणत होती. मी नाही म्हटलं असतं तर ती पुन्हा कधी म्हणाली असती, देव जाणे. आणि खरं सांगितलं असतं तर ती माझ्या भरवशावर पाण्यात उतरली असती कशी? मी भाताचा घास गिळला आणि म्हणालो, "म्हणजे काय."

मालवणजवळ किनाऱ्यालगत एका घरगुती होम स्टेमध्ये चार दिवसांसाठी दोन खोल्या घेतल्या. दोन अशासाठी की गावाहून काकांनाही बोलावलं. काका शहात्तर वर्षांचे. आयुष्यात कधी सुट्टीवर गेलेले नाहीत आणि सुट्टीवर जाऊन काय करतात याची त्यांना खरोखरच उत्सुकता होती. एका पिशवीत दोन पंचे, एक सदरा आणि अडकित्ता घेऊन ते आले आणि पहिल्या संध्याकाळी वाळूत खुर्ची टाकून बसलेल्या पर्यटकांकडे बघत म्हणाले, "ही सगळी माणसां वाट कोणाची बघतत?"

दुसऱ्या दिवशी सकाळी किनाऱ्यावर रापण ओढत होते. समुद्रात लांबवर अर्धगोल टाकलेलं जाळं दोन्ही बाजूंनी दोरांना धरून माणसं काठावर आणतात आणि त्यात हौशी पाहुण्यांनाही कुणी नको म्हणत नाही. मुलगी मला म्हणाली, "बाबा, तू पुढे जा ना, पाण्यात." दोराचं पुढचं टोक धरलेली माणसं छातीभर पाण्यात होती. मी मागचं टोक धरलं, अगदी सुरूच्या झाडाजवळचं, आणि तिला समजावलं की खरा जोर इथेच लागतो. शेजारी दोर ओढणाऱ्या कोळणीनं माझ्याकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि पुन्हा दोर ओढायला लागली. जाळ्यात बांगडे कमी आणि जेलीफिश जास्त निघाले.

दुपारी जवळच्या गावात देवीची जत्रा होती. काकांनी मुलीला गुळाचं खाजं घेऊन दिलं आणि ती आईबरोबर बांगड्या बघायला गेली. तेवढ्यात मी काकांना दुकानाच्या आडोशाला घेतलं आणि सगळं सांगितलं. किल्ल्याचा वळसासुद्धा सांगितला. काकांनी शांतपणे ऐकलं.

"आणि तां चेडू तुझ्या जिवार पाण्यात उतारतला?" त्यांनी विचारलं.

"तिला मी तिथे असलो की पुरे आहे. जाकीट असतं, माणूस असतो बरोबर. फक्त तुम्ही तिला व्हाळाचं काही सांगू नका."

काकांनी मान डोलावली. मग म्हणाले, "बरा. खंयच्याच माणसाक मी सांगूचंय नाय." आणि पुढच्या दुकानात जाऊन त्यांनी एक नारळ घेतला. मला वाटलं, सोलकढीसाठी असेल.

इथे काकांची दुसरी ओळख सांगायला हवी. आमच्या गावात देवाला गाऱ्हाणं घालण्याचा मान त्यांचा आहे. आमच्याकडे गाऱ्हाणं घातल्याशिवाय कुठल्याच कामाला हात लागत नाही. काका मोठ्यानं देवाला एकेक गोष्ट सांगतात आणि जमलेल्यांनी प्रत्येक वाक्याला "व्हय महाराजा" म्हणायचं. देवाला अर्धवट माहिती दिलेली चालत नाही, असा काकांचा नियम आहे. त्यांनी विहिरीच्या पंपासाठी गाऱ्हाणं घातलं आहे, टीव्हीच्या छत्रीसाठी घातलं आहे. माझ्या दहावीच्या वेळी तर त्यांनी सहामाहीचे गणिताचे मार्क देवाला सांगितले होते आणि अख्ख्या गावानं "व्हय महाराजा" म्हणून ते मंजूर केले होते. एवढं सगळं भोगूनही मी काकांकडून वचन घेतलं ते माणसांपुरतं. असा गाढवपणा पुण्यात राहून राहूनच येतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही होडीत बसलो. आम्ही चौघं, कोल्हापूरकडची सहा माणसं, होडीवाला आणि पाण्यात उतरवणारा त्याचा भाऊ. मुलीनं केशरी जाकीट घातलं होतं आणि माझा हात धरला होता. तिचा तळवा गार होता. माझाही होता, पण मी त्याचा दोष वाऱ्यावर ढकलला. किल्ल्याच्या मागच्या बाजूला, खडकांजवळ, होडीवाल्यानं इंजिन बंद करून नांगर टाकला. त्या शांततेत काका उठून उभे राहिले. त्यांनी डोक्याला पंचा गुंडाळला आणि पिशवीतून नारळ काढला.

"बा देवा समुद्रा महाराजा," काकांनी सुरुवात केली.

"व्हय महाराजा," होडीवाला आणि त्याचा भाऊ हातातलं काम टाकून म्हणाले.

"आज तुझी लेकरां तुझ्या दारात इलीत."

"व्हय महाराजा." आता कोल्हापूरकरही सामील झाले. दोन वाक्यांत त्यांना चाल सापडली होती.

"हो माझो पुतण्यो. पुण्याक नोकरी करता. आज बायल-चेडवाक घेवन तुझ्या पोटात उतारता हा."

"व्हय महाराजा."

"तेका पेवक येणा नाय, महाराजा."

पेवणं म्हणजे पोहणं. मुलीला मालवणी फारशी येत नाही, पण एवढं येतं. होडी एका आवाजात "व्हय महाराजा" म्हणाली. आणि सांगायला लाज वाटते, पण माझ्याही तोंडून ते निघालं. चाळीस वर्षांची सवय, काका थांबले की तोंड आपोआप उघडतं.

"नव वर्साचो असताना व्हाळात बुडा होतो, मी केसाक धरून वर काढलंय."

"व्हय महाराजा."

"तेव्हापासून ढोपराच्या वर पाण्यात पाय घालूक नाय. चेडवाक धीर येवक व्हयो म्हणान खोटा बोललो. तां तू पोटात घाल. बापूस आणि चेडू दोघांकय सांबाळ आणि जशी उतारतीत तशीच माझ्या हातात परत दी."

शेवटचं "व्हय महाराजा" कोल्हापूरकरांनी इतकं जोरात म्हटलं की शेजारच्या होडीतली माणसं उठून बघायला लागली. नारळ पाण्यात गेला. काका पंचा सोडत खाली बसले तसा मी दात-ओठ खाऊन कुजबुजलो, "काका, तुम्ही शब्द दिला होतात."

"माणसांक खंय सांगलंय मी? देवाक सांगलंय. तुमी मधी बसलंत, तेका मी काय करू?" मग त्यांनी आवाज खाली आणला. "तां चेडू तुका धरून पाण्यात जातला. पाण्याक खरा म्हायत असाक व्हया."

बायको किल्ल्याच्या तटबंदीचं बारकाईनं निरीक्षण करत होती आणि तिचे खांदे हलत होते.

मुलीनं माझा हात सोडला होता. ते मला सगळ्यात लागलं. तिचं तोंड पांढरं पडलं होतं आणि तिनं दोन्ही हात जाकिटात खुपसले होते. ही आता उतरत नाही, मी मनात म्हटलं, आणि यापुढे मी काही सांगितलं तर त्यावर विश्वासही ठेवणार नाही.

"खरंच?" तिनं विचारलं.

"खरं आहे."

"किल्ल्याला वळसा?"

"बोटीतून. कॉलेजच्या सहलीला. आणि बोटीतही मी मधल्या फळीवर बसलो होतो."

"आत्ता घाबरलायस?"

"हो."

"किती?"

मी तिला माझा गुडघा दाखवला. तो आपल्या आपण हलत होता. तिनं जाकिटातून एक हात काढून त्यावर ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला, डॉक्टर ठेवतात तसा.

"मग तू उतरू नकोस," ती म्हणाली.

"मी उतरतो. घाबरत घाबरत उतरतो. तू वरून बघ आणि तुझं तू ठरव. नको वाटलं तर आपण परत जाऊन बांगडे खाऊ."

होडीवाल्याच्या भावानं माझ्या तोंडावर काचेचा मुखवटा बांधला आणि दातांत नळी दिली. तो म्हणाला, "पेवक येणा नाय तां बरा आसा. येता म्हणणारेच हातपाय मारून पाणी गढूळ करतत." एवढ्या वर्षांत माझ्या पोहण्याबद्दल कुणी काढलेले हे पहिलेच चांगले उद्गार.

शिडीवरून उतरलो आणि पाणी गुडघ्याच्या वर गेल्याबरोबर मी त्या माणसाच्या गळ्यात दोन्ही हात टाकले. तो सुटायला बघत होता, मी सोडत नव्हतो. नळीतून अरबी समुद्र थेट घशात आला. मी वर आलो, खोकलो, देवाचं नाव घेतलं, होडीवाल्याचंही काहीतरी घेतलं असावं. कोल्हापूरकर होडीच्या काठाला रेलून मला धीर देत होते. काकांनी एकदाच सांगितलं, "रे, तोंडान श्वास घी, नाकान नको." तिसऱ्या वेळी तोंड पाण्यात घातलं आणि घातलेलंच राहिलं. माझाच श्वास मला मोठ्यानं ऐकू येत होता. खाली खडकावर ऊन हलत होतं.

डोकं वर काढून शिडीकडे पाहिलं तर मुलगी शेवटच्या पायरीवर होती. कुणी तिला बोलावलं नव्हतं. पाणी तिच्या कमरेला लागलं होतं आणि ती रडत होती, पण उतरत होती. तिनं हात पुढे केला, मी तो धरला, आणि कोण कुणाला धरतंय हे त्या माणसालाही कळलं नसावं. त्यानं आम्हा दोघांना एका तरंगत्या रबरी रिंगला लटकवलं आणि हळूहळू ओढत नेलं.

खाली काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे मासे होते, पिवळे होते, आणि एक निळा, जो आमच्या काचेजवळ येऊन आमची पाहणी करून गेला. मला मासे फक्त ताटातले ओळखता येतात, त्यामुळे नावं सांगता येत नाहीत. मुलगी नळीतून काहीतरी ओरडत होती. पाण्यात ते हुंकारासारखं ऐकू येत होतं आणि मीही तसाच हुंकारत होतो. वीस मिनिटांनी आम्हाला वर काढलं तेव्हा दोघांचीही बाहेर यायची तयारी नव्हती.

काकांनी आम्हा दोघांना डोक्यापासून पायापर्यंत तपासून घेतलं आणि विचारलं, "काय गावला बघूक?"

"मासे. रंगीत."

"खावचे?"

"नाही."

"मगे कित्याक इतके हाल केलंत?" म्हणून त्यांनी सुपारी कातरायला घेतली.

होडी परत निघाली. मुलगी टॉवेल गुंडाळून माझ्याजवळ बसली होती. केसांतून पाणी गळत होतं, मुखवट्याचा लाल वण कपाळावर उमटला होता. मी माफीची वाक्यं जुळवत होतो, पण एकही धड जुळेना.

"बाबा," ती म्हणाली, "मला वाटायचं आपल्या घरात घाबरणारी मी एकटीच आहे."

पाच वर्षं मी तिला धीर देत होतो असं समजत होतो. मी टॉवेलचं टोक घेऊन तिचे केस पुसायला लागलो, आणि ते कोरडे झाल्यावरही किनारा येईपर्यंत पुसतच राहिलो.