गुठळ्या राहिलेलं पीठ

हे गेल्यापासून मी कढई गॅसवर ठेवली नव्हती. चौदाव्या दिवशी नणंदेने रीतीप्रमाणे ती ठेवून चार पुऱ्या तळल्या, तेवढंच. त्यातली एक मी खाल्ली. पुठ्ठा दिला असता तरी खाल्ला असता. रडू येत नव्हतं, भूक लागत नव्हती. दूध तेवढं उतू जाऊ देत नव्हते.

श्रावणात नात राहायला आली. तिला दिवस गेलेले आणि पोटात घोटभर पाणीही ठरेना. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, उद्यापर्यंत काही टिकलं नाही तर दाखल होऊन सलाईन लावायचं. आणि ही सोफ्यावर आडवी पडून म्हणते, "आजी, टेम्पुरा खावासा वाटतोय."

नवलाख उंबरे गावाजवळच्या जपानी कारखान्यात ती नोकरीला. तिथे कधीतरी खाल्लेला.

"म्हणजे काय?"

"भाज्या पिठात बुडवून तळायच्या."

"मग भजीच की."

"भजी नाही गं!"

"बये, अख्खं पुणं भजी खायला आपल्या लोणावळ्यात लोटतं, आणि तुझे डोहाळे जपानचे!"

थट्टा सवयीने तोंडातून निघाली. आत काही हललं नाही. उठले आणि मैदा काढला.

पीठ भिजवायचं म्हटलं की माझा हात मला विचारत नाही. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई पिठात बोटं फिरवून गुठळी शोधायच्या. सापडली तर बोलायच्या नाहीत, नुसतं बोट दाखवायच्या. मग ही नवी नवरी पदर खोचून, एकाच दिशेने, समुद्रमंथन चालल्यासारखं पीठ फेटायची. वर कडकडीत तेलाचं मोहन. भज्यांची ताटली घेऊन बाहेर यायची ती सुवर्णपदक मिळाल्याच्या थाटात. हे पेपरातून डोकं वर न काढता "छान" म्हणायचे. तेवढ्यावर बाईसाहेबांचे पाय चार दिवस जमिनीला लागत नसत. वेडी कुठली! ते उपम्यालाही "छान"च म्हणायचे. करपलेल्यासुद्धा.

तर मी मैदा तसाच फेटला. हळद टाकली, मोहन घातलं, झाकून मुरत ठेवलं. भोपळ्याचे काप तळून दिले. नातीने एक घास घेतला आणि बेसिनकडे धावली.

तोंड पुसत परत आली. "आजी, चांगली भजी आहेत. पण भजी आहेत."

"मग तूच सांग."

ती स्वयंपाकघरात स्टुलावर बसली. या पिठात अंडं घालतात म्हणाली. ते आमच्या घरात येत नाही, म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानातून साध्या सोड्याची बाटली मागवली आणि बर्फात खुपसली. पावसाळ्यात इथे पीठ दमट होतं, त्यामुळे आमचा मैदा चार महिने फ्रिजमध्येच असतो. "वा, पीठसुद्धा गार! सगळं गारच लागतं, तर कुरकुरीत होतं," नात म्हणाली. त्यात थोडं कॉर्नफ्लॉवर चाळून घातलं. हळद नाही, मोहन नाही. बर्फावर ठेवलेल्या पातेल्यात सोडा ओतला. ढवळायला काड्या हव्यात म्हणाली. माझ्या विणकामाच्या सुया धुऊन घेतल्या.

"बास! थांब आता."

"अगं, गुठळ्या दिसताहेत."

"राहू दे. जास्त ढवळलं की चिवट होतं."

माझा हात थांबेना. तिने मनगट धरलं तेव्हा थांबला. मी पातेल्यात बघत राहिले. गुठळ्या तरंगत होत्या आणि बोट दाखवायला घरात कोणी नव्हतं. छान म्हणायलाही नव्हतं.

भेंडी आणि भोपळा पुसून कोरडे केले, पिठात नुसते बुडवले आणि लगेच तापल्या तेलात सोडले. थेंब फुटून कडेला जाळी झाली. रंग काही येईना.

"कच्चं दिसतंय."

"असंच असतं. काढ."

ती उभ्याउभ्याच भेंडी खाऊ लागली. मग भोपळा. मग स्टुलावर बसली. आम्ही दोघी बेसिनकडे बघत बसलो. बाहेर धुक्यात रिक्षा भोंगा वाजवत गेली. तेल निवत चाललं. ती जागची हलली नाही.

"काय गं?"

"काही नाही. बसलंय वाटतं पोटात." तिने उरलेला काप माझ्यापुढे धरला. "तू खा ना."

मी चावला. चव आली असं म्हणणार नाही. पण दातांखाली कुर्र वाजलं ते मला ऐकू आलं. पूर्वीची ती पदकवाली असती तर लगेच विचारलं असतं, कसं झालंय?

मी विचारलं, "अजून खाशील?"

"व्हय," ती आमच्या भाजीवालीच्या सुरात म्हणाली, "लय."

पातेल्यातलं पीठ आता कोमट झालं होतं. ते ओतून दिलं आणि नव्याने बर्फ काढायला फ्रिज उघडला.