दिघोरीच्या ड्रायव्हरचं शुद्ध आडनाव

आमच्या ऑफिसात कॉम्प्युटर यायच्या आठ दिवस आधी त्याच्यासाठी एसी आला. तोवर माणसांसाठी एकच पंखा होता आणि तो मालकांच्या डोक्यावर होता.

चिखल्याच्या खाणीतून निघालेलं मँगनीज ट्रकने तुमसरच्या रेल्वे यार्डापर्यंत पोचवायचं, हा मालकांचा धंदा. खाणीच्या रस्त्यालगत टिनाच्या छपराच्या चार खोल्या, समोर ट्रकांचं आवार, आणि सगळ्यावर काळी भुकटी. मी तिथे टायपिस्ट होते. सत्तरच्या दशकात आसगावहून भंडाऱ्याला मावशीकडे राहून इंग्रजी टायपिंगची परीक्षा दिली होती. आमच्या घरात धान लावण्यापलीकडे बोटांचा उपयोग करणारी मी पहिलीच, म्हणून मावशीने पेढे वाटले होते. स्पीड चाळीसचा, चुका कमी. या भांडवलावर मी दहा वर्षं त्या ऑफिसात टिकले होते.

मालकांना शुद्धतेचं भारी वेड. ते जवळच्याच गावचे, पण नागपुरात दोन वर्षं कॉलेजात काढून आले होते आणि ती दोन वर्षं त्यांनी कोणालाच विसरू दिली नाहीत. ऑफिसात कोणी ‘मले’ म्हणालं की ते डोळे मिटून, दात दुखल्यासारखा चेहरा करून म्हणत, “मला. म-ला.” ट्रक दरीत गेल्याचं सांगायला आलेल्या क्लीनरलाही त्यांनी आधी ‘मला’ म्हणायला लावलं आणि मग ट्रक कुठे पडला ते विचारलं. नशिबाने त्या दिवशी माणूस कोणी दगावला नाही.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. खाणीच्या कंपनीत कॉम्प्युटर आला, म्हणून आमच्याकडेही यायलाच हवा होता. नागपूरहून टाय लावलेले एक गृहस्थ मशीन घेऊन आले. नारळ फोडला. मालकांनी पडद्याला कुंकू लावलं, ते पुढे कधीच नीट निघालं नाही आणि प्रत्येक पत्राच्या डाव्या बाजूला एक लाल ठिपका दिसत राहिला. खोलीत चपला घालून यायची बंदी झाली. उन्हाळ्यात ड्रायव्हर लोक काहीतरी निमित्त काढून अनवाणी आत येत आणि मशीनसमोर हात जोडून उभे राहत. मालकांना ती भक्ती वाटे. ते बिचारे एसीची हवा खात.

टायवाल्यांनी मला तीन दिवस शिकवलं आणि शेवटच्या दिवशी मालकांना खास चीज दाखवली. मशीन स्पेलिंग तपासत होतं. चुकलेल्या शब्दावर ते थांबे, तो शब्द उजळे आणि खाली बरोबर शब्द सुचवे. मालकांनी मुद्दाम ‘ट्रान्सपोर्ट’चं स्पेलिंग चुकवलं. मशीनने सुधारलं. मालक लहान मुलासारखे हसले. मग त्यांनी स्वतःचं आडनाव टाइप केलं आणि मशीन थांबलं. आडनाव उजळलं. मालकांचं हसू गेलं.

टायवाल्यांनी झटकन एक बटण दाबलं. “आता ओळखतं, सर. आता कधी थांबणार नाही.”

“पाहिलं?” मालक मला म्हणाले. “मोठ्या माणसाला मशीनही ओळखतं.”

कोणतं बटण ते मला दिसलं नाही आणि मी विचारलंही नाही.

दुसऱ्या दिवसापासून हुकूम निघाला. मशीनची हरकत असलेला एकही शब्द ऑफिसाबाहेर जाता कामा नये. मी कंपनीला जाणारं पहिलंच पत्र तपासायला लावलं आणि मशीन ‘चिखला’वर अडलं. त्याने सुचवलं, ‘चकल’. म्हणजे गालातल्या गालात हसणं. पुढे ‘तुमसर’वर अडलं. त्याने सुचवलं, ‘ट्यूमर’.

मी उठून मालकांकडे गेले. “सर, हे गावाचं नाव बदलून मागतं आहे.”

“बदला मग.”

“पण गाव तुमसर आहे ना.”

“मशीन अमेरिकेचं आहे,” मालक म्हणाले. “त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं.”

पत्र गेलं. आमचे ट्रक हास्याच्या खाणीतून निघून गाठीच्या दिशेने रवाना झाल्याचं त्यात नम्रपणे कळवलं होतं. कंपनीतल्या कारकुनाने फोन केला, पण हसू आवरेना म्हणून ठेवून दिला. मालकांनी विचारलं, “काय म्हणाले?” मी म्हटलं, “पत्र पोचलं.”

मग मशीनने ‘लेबर’मधल्या यू या अक्षराला आक्षेप घेतला. अमेरिकेत ते अक्षर लिहीत नाहीत म्हणे. आवाराच्या फाटकावर इंग्रजीत ‘लेबर गेट’ अशी पाटी होती. मालकांनी तुमसरहून पेंटर बोलावला आणि तेवढं एक अक्षर खरवडून काढायला लावलं. पेंटरने तीनदा विचारलं, “एवढंच?” पाटीवर मधे पडक्या दातासारखी फट राहिली. मजूर तिच्याखालून आत येत-जात राहिले. त्यांना फरक पडला नाही, कारण पाटी त्यांच्यासाठी कधी नव्हतीच.

मी हे सगळं मजेने सांगते आहे, पण त्या दिवसांत मीही निमूटपणे बटण दाबत होते. एसीत बसायला मिळत होतं, आणि टाइपरायटरपुढे बसून खांदे भरून आले होते ते वेगळंच.

आमच्याकडे एक ड्रायव्हर होते, दिघोरीचे. लाखांदूरकडचं ते गाव आमच्यापासून जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. तरुणपणी चिखल्याला आले, लोडरचं काम केलं, मग स्टिअरिंग धरलं ते वीस-बावीस वर्षं सोडलं नाही. त्यांच्या हातून एकही अपघात नाही. घाटात समोरून गाय आली तर गाडी बंद करून खाली उतरत आणि तिला हाताने बाजूला करत. बायकोचं दुखणं वाढलं म्हणून त्यांनी गावी परतायचं ठरवलं. तिकडे एका शाळेला गाडी चालवायला माणूस हवा होता. शाळेने अनुभवाचा दाखला मागितला होता.

ते चपला बाहेर काढून आत आले. “बाई, कागद देता का जी बनवून? इंग्रजीत पाह्यजे म्हणते.”

मी टाइप केलं. मशीन त्यांच्या आडनावावर थांबलं. आमच्या भागात प्रत्येक गावात दहा घरं तरी त्या आडनावाची निघतील. शाळेच्या हजेरीत ते आलं की चार पोरं एकदम ‘हजर’ म्हणतात. मशीनने सुचवलं, ‘मशरूम’. दिघोरीच्या जागी सुचवलं, ‘डॅगर’. म्हणजे खंजीर.

मालक नागपूरला निघाले होते. त्यांच्या मोटारीच्या ड्रायव्हरने गाडी चालू ठेवली होती. मी कागद घेऊन धावले.

“सर, आडनाव—”

“मशीनने तपासलं?”

“तपासलं, पण—”

“मग झालं.” त्यांनी न वाचता सही केली.

मला तोच दाखला बरोबर नावांनी टाइपरायटरवर काढता आला असता. टाइपरायटर कोपऱ्यात झाकून ठेवलेला होता. मी काढला नाही. दाखला घडी करून दिघोरीच्या ड्रायव्हरांच्या हातात दिला. त्यांनी तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला, पिशवी खिशात घातली, खिशाला पिन लावली आणि माझ्या पाया पडायला वाकले. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा माणूस.

तीन आठवड्यांनी ते परत आले. आदल्या दिवशी निघून एसट्या बदलत आले होते. चपला काढून आत आले, पण यावेळी एसीखाली थांबले नाहीत. पिशवीतून कागद काढून माझ्यासमोर ठेवला.

“बाई, माह्या नावात काय चूक होती जी?”

मी कागदाची घडी उलगडली.

“शाळेतले मास्तर हासले. म्हणे, हे तं सात्या हायेत.” सात्या म्हणजे पावसाळ्यात वारुळावर उगवतात ती अळंबी. आमच्याकडे आवडीने भाजी करतात. “म्हणे, सात्यांले गाडी चालवता येते का. मी म्हटलं, ऑफिसातला कागद हाय, बाईनं बनवला, बाई चुकत नाई. आता तुमीच सांगा. माह्या बापाचं बी तेच नाव होतं. त्याचं बी चुकलं असन का?”

ते रागावले नव्हते, हेच वाईट होतं. त्यांना खरंच वाटत होतं की इतकी वर्षं आपण आपलं आडनाव चुकीचं सांगत आलो.

मी कागद उचलला आणि त्यांना घेऊन मालकांच्या खोलीत गेले. मालक पंख्याखाली पेपर वाचत होते. मी दाखला त्यांच्या पेपरावर ठेवला आणि मोठ्याने वाचून दाखवला. श्रीयुत मशरूम, राहणार खंजीर, यांनी हास्य येथे बावीस वर्षं इमानदारीने गाडी चालवली. “आणि खाली तुमची सही,” मी म्हटलं.

मालकांनी घसा खाकरला. “मशीन चुकत नाही. टाइप करताना काहीतरी झालं असेल.”

“मग तुमच्या आडनावावर थांबलं होतं ते?” मी म्हटलं. “ते अमेरिकेत कधी शिकलं?”

मालक खुर्चीतून उठले. “तू मले शिकवून राहिली का वं? मले? कालपर्यंत टाइपरायटर बडवत होती अन् आज मले सांगून राहिली?”

दारात दोन क्लीनर उभे होते. त्यातला एक हळूच म्हणाला, “म-ला.” तो कोण हे मालकांनी वळून पाहिलं नाही.

दिघोरीच्या ड्रायव्हरांनी मात्र ते ऐकलंच नसावं. ते अजिजीने म्हणाले, “मालक, ब्रेक नाई लागला तं आपून घाट नाई ना बदलत जी. ब्रेकच पाहतो. तसं त्या मशीनले कोणाले दाखवता आलं तं...”

मालक खाली बसले. “नागपूरला फोन लावा,” ते पेपरात तोंड घालून म्हणाले. शुद्ध मराठीत.

ट्रंक कॉल लागायला दुपार गेली. टायवाले लांबून ओरडत होते, मी इकडून ओरडत होते. त्यांनी सांगितलं, शब्द उजळला की अमुक बटण दाबा, तो यादीत जातो, मग मशीन त्याला हात लावत नाही. आणि इंग्लंडचं स्पेलिंग हवं असेल तर दुसरी फ्लॉपी बॉक्समध्ये दिलेली आहे, ती घाला, तोच शब्दकोश निवडा. उघडली नाही का? उघडली नव्हती. मालकांनी तो बॉक्स हळदकुंकू लावून कपाटात कुलूपबंद ठेवला होता.

मी फ्लॉपी घातली. ‘लेबर’मधला यू परत आला. मग मी नवा दाखला टाइप केला, आडनावावर मशीन थांबलं आणि मी ते बटण दाबलं. मशीन पुढे सरकलं. दिघोरीवर थांबलं, दाबलं. चिखल्यावर, तुमसरवर. ड्रायव्हर माझ्या खुर्चीमागे उभे राहून प्रत्येक वेळी विचारत, “गेलं का जी पुढं?” मी म्हणे, “गेलं.” मालकांनी यावेळी दाखला पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत वाचला, ओठ हलवत, आणि सही केली.

ही बातमी आवारात फिरली. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत खिडकीशी गर्दी. “बाई, माहं नाव घातलं का?” मी हजेरीचं रजिस्टर घेऊन बसले आणि रोज दुपारी वीस-पंचवीस नावं घालत गेले. ड्रायव्हर, क्लीनर, टोपल्या उचलणाऱ्या बाया, त्यांची गावं. एक म्हातारी लोडर रोज येऊन विचारायची, आणि तिचं नाव घातल्यावर म्हणाली, “माह्या बुढ्याचंही घाल वं. तो मेला, पण घाल.” मी घातलं. त्या मृत माणसाचं नाव कोणत्या पत्रात येणार होतं कोण जाणे. एकदा कोणी पाहत नाही असं बघून मी इंग्रजी अक्षरांत ‘मले’ टाइप केलं आणि तेही यादीत घातलं.

पेंटर पुन्हा आला. फटीत यू बसवायचा होता, पण जुना रंग मिळेना, म्हणून ते अक्षर बाकीच्यांपेक्षा लाल झालं. मालक आल्यागेल्याला मशीन दाखवत. “याला आपली गावंच कळत नव्हती. मी शिकवलं,” ते म्हणत. मी शेजारी बसलेली असे. टाइप करत असे.

दिवाळीनंतर दिघोरीहून एक पोस्टकार्ड आलं. ड्रायव्हरांनी स्वतः लिहिलं होतं, पेन्सिलीने, एकमेकांवर चढलेल्या ओळींत. नोकरी लागली होती. बायकोला बरं होतं. शाळेची गाडी जुनी आहे, पण पोरं गुणाची आहेत, गाणी म्हणतात. नवीन तांदूळ निघाला आहे, तुम्ही एकदा या.

मालकांनी कार्ड माझ्या टेबलावरून उचललं, चष्मा लावून वाचलं आणि खिशातला लाल पेन काढला. “किती अशुद्ध लिहितो हा माणूस,” ते म्हणाले. “पहिल्याच ओळीत चार चुका.”

मी कार्ड त्यांच्या हातातून घेतलं, पर्समध्ये ठेवलं आणि डबा घेऊन बाहेर बायांसोबत जेवायला गेले.