चांदवडच्या दवाखान्याचं दार

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा आमच्या इंदिरानगरच्या घरात सुतार पुढच्या दाराचं माप घेत होता. माझ्या मुलाचं, रोहितचं लग्न ठरलंय, त्याआधी घर नवं करायचं म्हणून आम्ही सगळं उचकटून ठेवलेलं. ओटा झाला, रंग झाला, राहिलं होतं ते एवढं दार. जुनं, सागवानी, दोन फळ्यांचं. रोहितला त्या जागी आकडे दाबून उघडणारं नवं दार हवं होतं. मी म्हटलं होतं, "मोठ्या आईला विचारल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही." ताई, म्हणजे त्याची मोठी आई, त्या आठवड्यात येणारच होत्या... फोन सायखेड्याहून, त्यांच्या शेजाऱ्यांचा होता. सकाळी गोठ्यातून आल्या, छातीत कळ आली म्हणून खाटेवर टेकल्या, दादा पाणी घेऊन येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. मी सुताराला म्हटलं, "तुम्ही जा आता." तो बिचारा हातात टेप घेऊन तसाच उभा राहिला.

ताई म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, निर्मलाताई. दादा म्हणजे माझे थोरले दीर. त्यांना मूलबाळ नव्हतं, म्हणून रोहित दोन घरांत मिळून एकच. मी लग्न होऊन आले तेव्हा मला सगळ्यात आधी कळलं ते ताईंचं जुन्याचं वेड. बायका नाशिकला आल्या की साड्यांच्या दुकानात शिरतात, ह्या बाई हायवेवरच्या जुन्या इमारती सामानाच्या वखारीत शिरायच्या. कुठं पाडकाम चालू आहे हे त्यांना गिधाडाच्या आधी कळतं, असं मी तोंडावर म्हणायचे आणि त्या खुशाल हसायच्या. सायखेड्याच्या गोठ्याला पाडलेल्या शाळेच्या खिडक्या होत्या, परसात कुठल्याशा डाक बंगल्याची फरशी. एकदा तर त्यांनी एसटीत खिडकीची चौकट चढवली. कंडक्टर म्हणाला, "मावशी, हिचं तिकीट लागंल." ताई म्हणाल्या, "फाड की. पण मग तिला बसायला सीट दे." अख्खी गाडी हसली, आणि चौकट सायखेड्यापर्यंत फुकट आली.

आमचं हे घर उभं राहिलं तेच मुळी त्यांच्या ह्या वेडावर. ह्यांची अंबडची कंपनी बंद पडली तेव्हा आमचा स्लॅब टाकून झाला होता आणि दारं-खिडक्यांच्या जागी नुसती भोकं होती. भाड्याच्या घराचा मालक जागा मागत होता. मला मात्र सगळं नवंकोरं हवं होतं. आयुष्यात एकदाच घर होतं, त्यात लोकांनी टाकलेलं का लावायचं, असा माझा सवाल होता. ताईंनी वाद घातला नाही. म्हणाल्या, "रोहित झाला तेव्हा त्याला पहिलं अंगडं कुठलं घातलं गं?" आता ही रीत कोणाला माहीत नाही? तान्ह्याला कोरं कापड टोचतं, म्हणून धडधाकट वाढलेल्या लेकराचं जुनं अंगडं मागून आणायचं आणि दुपटी जुनेराची शिवायची. रोहितची दुपटी ताईंनीच दिली होती. "मग?" त्या म्हणाल्या. "लेकराला चालतं ते घराला नाय चालत व्हय?" मी हार मानली. अशी वेळ माझ्यावर क्वचितच येते.

मग आम्ही दोघी वखारी पालथ्या घातल्या. ताई लाकडावर बोटाचं पेर वाजवायच्या, वास घ्यायच्या, वाळवीचं भोक दिसलं की नाक मुरडून पुढं जायच्या. "नवं लाकूड म्हणजे अजून ओलं झाडच असतंय," त्या सांगायच्या. "त्याला पिळायचं, फुगायचं सगळं बाकी हाय. ह्यानं सगळं भोगून झालंय, आता हे हलायचं नाय." शेजाऱ्यांनी तेव्हा बसवलेलं नवं दार पावसाळ्यात फुगायचं, त्यांना घरात शिरायला खांदा लावावा लागायचा. आमच्या खिडक्या आजही एका बोटानं उघडतात. स्वयंपाकघरातली शहाबादी फरशी कोणाच्या तरी पायांनी इतकी गुळगुळीत झालेली होती की घासायची गरजच पडली नाही. स्वस्तात पडलं हे तर खरंच. पण ताईंचा जीव त्यात नव्हता. एवढं चांगलं लाकूड बंबात जाळतात, ह्याचं त्यांना खरोखर दुःख व्हायचं, घरचं कोणी गेल्यासारखं.

पुढचं दार तेवढं राहिलं होतं. एक दिवस त्या टेम्पो घेऊनच आल्या. चांदवडहून. टेम्पोत हे दार, वर हिरव्या ऑइलपेंटचे थर. चांदवडचं जुनं बाळंतपणाचं खासगी रुग्णालय पाडलं होतं, त्याच्या आतल्या खोलीचं ते दार होतं. मी म्हटलं, "ताई, खिडक्या झाल्या, फरशी झाली, आता दवाखान्याचं दार? लोक काय म्हणतील?" एरवी त्या म्हणायच्या, घर तुझं, तू ठरव. त्या दिवशी तसं म्हणाल्या नाहीत. टेम्पोवाल्याला म्हणाल्या, उतरव. मग आम्ही दोघी सिमेंटच्या गोण्यांवर बसून रंग खरवडायला लागलो. मी आपली कुरकुरत होते. आणि खरवडता खरवडताच, वर न बघता, ताई म्हणाल्या, "माझी पोरगी तिथंच झाली व्हती."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. घरात मला कोणी कधी हे सांगितलं नव्हतं. "रडली नाय," त्या म्हणाल्या. "लय वाट पाह्यली सगळ्यांनी. मग तिला ह्या दारानं बाहेर नेलं. मी खाटेवर पडल्या पडल्या दाराकडंच बघायचे... वाटायचं, काहीतरी चुकलं म्हणून कोणीतरी परत आणून देईल कुशीत." आमच्यात दात न आलेल्या लेकराचं सुतक धरत नाहीत, त्याचे दिवस घालत नाहीत. पुरायचं, अंघोळ करायची आणि कामाला लागायचं. रडायलासुद्धा कोणी बसवत नाही बाईला. ताई घरी आल्या तेव्हा कांद्याची लागण चालू होती, त्या वाफ्यात उतरल्या. रोहितची ती मऊ दुपटी कोणासाठी शिवलेली होती, हे मला तेव्हा कळलं.

मी विचारलं, "मग तुमच्याच घराला का नाही लावत?" त्या म्हणाल्या, "आमच्यात कोण हाय आत-बाहेर करायला? दाराला माणसं लागतात. तुझा रोहित दिवसातून शंभरदा आपटंल. आपटू दे त्याला." एवढंच. पुन्हा हा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. ह्यांना नाही सांगितलं, रोहितला नाही. ताई आल्या की मात्र बिजागऱ्यांना खोबरेल घालायच्या, फळीवरून पदर फिरवायच्या. रोहित दार आपटून खेळायला पळाला की मी ओरडायचे आणि त्या हसायच्या. ते हसू आता मला सारखं आठवतं. आठवलं की रडू येतं, आणि रडताना वाटतं, एवढी वर्षं ह्या बाईनं एकटीनं कसं काढलं असेल...

दिवसकार्य झालं. काही दिवस गेले. रोहित पोरगा समजूतदार, पण लग्न जवळ आलंय. एका सकाळी चहा घेताना हळूच म्हणाला, "आई, दाराचं काय करायचं? सुतार विचारतोय." ताईंनी विश्वासानं सांगितलेलं मी कसं उघड करू? आणि न सांगावं तर दार वखारीत जाणार. मी नुसतं म्हटलं, थांब थोडं.

मागच्या आठवड्यात दादा आले, भाजीची पिशवी घेऊन. दादा आमच्याकडे कायम मागच्या बाजूनं यायचे. पोती घेऊन येतात, पाय मातीचे असतात, म्हणून असेल, असं आम्ही धरून चाललो होतो. ह्यावेळी मागचा बोळ वाळू आणि फरश्यांनी भरलेला, म्हणून ते पुढं आले आणि पायरीशीच थांबले. रोहित म्हणाला, "मोठे बाबा, या ना." ते हलले नाहीत. दाराकडं बघत राहिले. रोहितला वाटलं, घर नवं केलं तरी दार जुनंच राहिलंय, हे त्यांना खटकतंय. तो घाईनं म्हणाला, "हे बदलायचंच आहे. वखारीत देऊन टाकू."

दादा थोरले दीर, माझ्याशी थेट बोलायची पद्धत नाही. त्या दिवशीही ते रोहितलाच म्हणाले, पण मी ऐकावं इतक्या मोठ्यानं. "ही उजवी फळी तव्हा अडकायची. मला एका हातानं उघडंना. दुसऱ्या हातात पोरगी व्हती. तुझी मोठी आई खाटेवरून बघत व्हती... मी मागं वळून नाय पाह्यलं." रोहित माझ्याकडं बघायला लागला. दादा म्हणाले, "तिनं हे इथं बसवलं, तव्हाच मी वळखलं. तिला बोललो नाय. तीबी नाय बोलली. आता बोलावं म्हणलं तर ती नाय."

दादांनीच नंतर मला हे लिहायला परवानगी दिली, रोहितच्या तोंडून. म्हणाले, तिचं मनातलं कुठंतरी लिहून येऊ दे.

रोहित त्या वेळी एवढंच म्हणाला, "हे दार कुठंही जाणार नाही, मोठे बाबा." मग त्यानं दोन्ही फळ्या पूर्ण उघडल्या आणि भिंतीला टेकवून धरल्या. दादांनी पिशवी पायरीवर ठेवली. दोन्ही हात मोकळे केले आणि आत आले.