सहाव्या भागाची खीर

आमच्या घरात डिग्री घेतलेली मी पहिली. कुणी विचारायच्या आधीच मी हे सांगून टाकते. आणि ती डिग्री इंग्रजीतच का घेतली असं कुणी विचारलं, तर खरं उत्तर एवढंच आहे की एका कादंबरीचा पाचवा भाग मराठीत नव्हता आणि तेलुगूतही नव्हता.

आमचं गाव तेलंगणात, आदिलाबाद जिल्ह्यातल्या बोथच्या अलीकडे, हायवेपासून आत. घरात मराठी, शाळा तेलुगू. शाळेत मला ‘मराठीवाली’ म्हणायचे आणि महाराष्ट्रात किनवटकडच्या नातेवाइकांत गेलं की ‘तेलंगी पोरगी’. दोन्हीकडे माझ्या बोलण्यावर हसू व्हायचं, म्हणून मी दोन्हीकडे कमीच बोलायची. मराठी वाचायला मला कुणी शिकवलं नाही. शाळेत हिंदीचा तास होता, त्यातून अक्षरं आली. ‘ळ’ तेवढा अडायचा, तोही किनवटच्या दुकानांच्या पाट्या वाचून बसला.

मी आठवीत असताना विहारात ग्रंथ वाचणारे शाळेतले गुरुजी बदली होऊन गेले. आमच्याकडे वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याचे तीन महिने, रोज संध्याकाळी विहारात ग्रंथ वाचायचा रिवाज आहे. एकजण वाचतो, बाकीचे पांढरे कपडे घालून बसून ऐकतात, आणि ग्रंथ संपला की समाप्तीची खीर होते. गुरुजी गेल्यावर वाचायला कुणी उरलं नाही. मोठ्यांना अक्षर नव्हतं, बाकीच्या पोरांना तेलुगूच धड वाचता यायचं. मग मला बसवलं. ग्रंथ विहारातल्या लोखंडी कपाटात असायचा, आणि त्याच्या मागं, गुरुजींनी ठेवून दिलेली, तीन जाड पुस्तकं होती. एकाच इंग्रजी कादंबरीचे पहिले तीन भाग, मराठीत आणलेले. मी ती विचारून घरी आणली.

बाबांनी ती माझ्या हातात पाहिली आणि उठून पाय धुवून आले. बाबा जिनिंगमध्ये, कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला होते. कापसाच्या हंगामात घरी येत तेव्हा भुवयांपर्यंत कापूस बसलेला असायचा. त्या दिवशी त्यांनी तोंडही धुतलं, पांढरा सदरा घातला आणि चटईवर मांडी घालून बसले.

“वाच,” म्हणाले.

विहाराच्या कपाटातून आलं म्हणजे ग्रंथच, असं त्यांनी धरलं होतं. मला सांगायचं धाडस झालं नाही. मी वाचायला लागले. एक देश असतो, त्याचे सात दरवाजे कुणीतरी बंद करून टाकलेले असतात. मिठाची गोणी वाहणारा एक पोरगा ते उघडायला घरातून निघतो. प्रत्येक दरवाजा उघडायचा तर पोराला आपली एक आठवण तिथं द्यावी लागते. पहिलं प्रकरण बाबांनी हात जोडून ऐकलं. दुसऱ्यात दोन तोंडांचा मासा आला आणि होडी गिळून गेला.

“हे कोणच्या काळातलं होय?” बाबांनी विचारलं.

“बाबा, हे खरं नाही. बनवलेलं आहे.”

त्यांनी जोडलेले हात सोडले. “मंग विहारात काऊन ठेवलं?”

“गुरुजींनी ठेवलं.”

“गुरुजी शिकेल माणूस. उगाच नाई ठेवणार.” मग त्यांनी मांडी बदलली. “अन् आता उघडलं ना? उघडलं तर समाप्ती करा लागते. पुढं काय होते त्या पोराचं?”

तिथून आमचं सुरू झालं. चुलीपाशी माय कुरकुरायची. “घरात दाणे निवडाचे पडले, अन् बापलेक दरवाजे उघडून राह्यले!” पण एखाद्या जागी मी थांबले की तीच विचारायची, “त्याच्या मायनं काऊन जाऊ देल्लं त्याले?”

बाबा हुंकार द्यायचे. दर दोन वाक्यांनी ‘हूं’. तो आला नाही तर मला पुढचं वाक्य उचलता यायचं नाही. आणि ते अडवायचे फार. “थांब. त्या म्हाताऱ्यानं मागं कंदील देल्ला होता ना? तो कुठं गेला?” मी मागची पानं चाळायची. कधी कंदील सापडायचा, कधी लिहिणाराच विसरलेला असायचा. मग बाबा म्हणायचे, “असू दे, माणूस होय तो बी.” पण त्यांचा खरा प्रश्न एकच होता आणि तो ते दर बैठकीच्या शेवटी विचारायचे. “पोरगा घरी येते का?” एवढ्या आठवणी वाटेत दिल्यावर त्याला घर कसं सापडणार, याचा त्यांना घोर होता.

“शेवटी कळेल,” मी म्हणायची.

शाळेत हे मी एकदाच एका मैत्रिणीला सांगून पाहिलं. सगळं ऐकून घेऊन तिनं तेलुगूत विचारलं, सिनेमा कोणता? सिनेमा नाही, पुस्तक आहे म्हटलं, तर तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा विषय काढला नाही. दिवसभर मी वर्गात बसायची आणि मनात ते दरवाजे चालायचे. आपण सोडून हे कुणालाच माहीत नाही, याचा आधी गर्व वाटायचा. नंतर नंतर तो जड व्हायला लागला.

तीन भाग संपले. मराठीत पुढं आलंच नव्हतं. इंटरला, म्हणजे अकरावीला, मी आदिलाबादला गेले तेव्हा तिथल्या वाचनालयात चौथा भाग दिसला, तेलुगूत. मी उभ्याउभ्याच पहिलं पान वाचलं आणि शनिवारी तो घेऊन गावी आले. तेलुगूतलं पाहायचं आणि मराठीत सांगायचं, असं चाललं.

“आज तू अडकून राह्यली,” बाबा म्हणाले.

“हा भाग तेलुगूत आहे, बाबा.”

“पोरगा तोच होय ना?”

“तोच.”

“मंग वाच.”

पाचवा भाग फक्त इंग्रजीत होता. मी डिग्रीला होते, स्कॉलरशिप आल्या आल्या मागवला. वाक्यं हातभर लांब होती. हॉस्टेलच्या कॉटवर बसून मी एकेक पान सोडवायची, शब्द मोबाइलमध्ये पाहायची, कडेला पेन्सिलीनं मराठी लिहायची. सुटीत जाऊन बाबांना वाचून दाखवायची. वर्गातल्या मुलींना वाटायचं मी परीक्षेचं करते आहे. इंग्रजीच्या सरांनाही तसंच वाटलं, त्यांनी कौतुक केलं, आणि मी त्याच विषयाला चिकटले.

पण गावी काहीतरी बिनसलं होतं. बाबा आता अडवत नव्हते. हूं द्यायचे, वेळच्या वेळी द्यायचे, पण ‘थांब’ म्हणायचे नाहीत. तो कंदील या भागात परत येतो. मला वाटलं ते उडीच मारतील. नुसतं ‘हूं’ आलं. मला वाटलं, आपलं मराठी कोरडं होतंय. इंग्रजीतून आणताना रस वाटेतच सांडतोय. मी अजून मेहनत घेतली. आवाज बदलून वाचलं, म्हाताऱ्याचा घोगरा काढला. चुलीपाशी माय हसली. बाबा म्हणाले, “हूं.”

एका रविवारी दुपारी एक शब्द काही केल्या लागेना. रेंज नव्हती, पान उघडत नव्हतं. मी मान खाली घालून, पुस्तक मांडीवर ठेवून मोबाइलशी खटपट करत बसले होते. तोंड बंद होतं. बराच वेळ गेला असेल.

“हूं,” बाबा म्हणाले.

मी मान वर केली नाही.

थोड्या वेळानं पुन्हा, “हूं.”

मी वाचतच नव्हते आणि बाबा हुंकार देत होते.

मी वर पाहिलं. ते हात जोडून, सदरा घालून, माझ्या तोंडाकडे पाहत बसले होते. माझं तोंड पाहून त्यांना कळलं की मला कळलं. इतकी वर्षं जिनिंगच्या मशिनींच्या घरघरीत उभं राहून त्यांचे कान गेले होते. थोडे थोडे करून गेले होते, म्हणून मायलाही वाटायचं की हा माणूस मुद्दाम दुर्लक्ष करतो.

“मले काऊन नाई सांगतलं?” मी ओरडले.

“तू वाचणं बंद केलं असतं.”

मी हॉस्टेलमध्ये रात्रंदिवस बसून मराठीत आणलेलं ते सगळं मग कुणापुढं वाचलं होतं? मला रडू येत होतं आणि रागही येत होता. मी जोरात विचारलं, “मंग पाचव्या भागात काय झालं, सांगा बरं!”

बाबांनी सांगितलं. अगदी नीट, खाकरून, सुरुवातीपासून सांगितलं. पोरगा एका मोठ्या कारखान्यात कामाला लागतो. तिथं आवाज फार असतो. त्याला घराकडून कुणीतरी हाक मारत असतं, पण ऐकू येत नाही. मग एक दिवस मशीन बंद पडतं. पुढचं काही सापडलं नव्हतं त्यांना, म्हणून थांबले. “तुह्या तोंडावरून जेवढं कळलं तेवढं,” म्हणाले. “मधात तू लय हसली होती. तवा त्याचं लग्न झालं काय?”

पुस्तकात यातलं काहीच नव्हतं. तरी मी हूं, हूं करत ऐकलं.

त्यानंतर एकदा मी ओरडून वाचायचा प्रयत्न केला. कादंबरी ओरडून वाचता येत नाही. दोन पानांत घसा बसला आणि शेजारची काकू कुंपणावरून म्हणाली, “काऊन वं, शिकली सवरली अन् बापाले झापून राह्यली?” पाचवा भाग मी एकटीनं संपवला. बाबांनी विचारलं नाही, मीही काढलं नाही.

लिहिणाऱ्यानं सहाव्याला फार वर्षं लावली. तोवर मला उटनूरला शाळेत नोकरी लागली. इंग्रजी शिकवते. पोरं घरी गोंडी बोलतात, माझ्याशी तेलुगू, आणि पुस्तकात पाहून इंग्रजी. खोली भाड्याची आहे, एका खिडकीची. संध्याकाळी दार लावलं की सकाळपर्यंत मी कुठल्याच भाषेत बोलत नाही. मोबाइलवर त्या कादंबरीवाल्यांचा एक ग्रूप सापडला होता. भराभर इंग्रजीत नकाशांवर भांडायचे. एकानं विचारलं, तुम्ही कुठून? आदिलाबाद लिहिलं. ते पुन्हा नकाशांवर भांडायला लागले. तो कंदील आठवणारा माणूस त्यांच्यात एकही नव्हता.

या वर्षी सहावा आला. मी खोलीत बसून वाचला, पण शेवटच्या प्रकरणाशी येऊन थांबले. ते पान उघडवेना. शनिवारची बस धरून गावी गेले.

बाबांनी पुस्तक पाहिलं. बोट वर करून खूण केली, शेवटचं? मी मान हलवली. ते पाय धुवायला गेले.

मायनंही हातातलं काम ठेवलं. मी ठरवलं होतं की शेवट काहीही असो, चेहरा हसरा ठेवायचा. वाचायला लागले. सातवा दरवाजा उघडून पोरगा परत निघतो. चालत चालत एका गावात येतो. एका दारापुढं उभा राहून पाणी मागतो. आतून त्याची आई पाणी घेऊन येते. तो पाणी पितो, तांब्या परत देतो, तुमचं भलं होवो म्हणतो आणि तिथंच ओट्यावर टेकतो. कुणाच्या ओट्यावर बसलोय हे त्याला माहीत नसतं. पुस्तक तिथं संपतं.

मी हसरं तोंड करून वर पाहिलं.

“खोटं हसू नको,” बाबा म्हणाले. “ग्रंथ वाचताना खोटं तोंड नाई करू. आला ना पोरगा घरी?”

मी मान हलवली. आला.

“मंग तोंड काऊन असं?”

“त्यानं घर ओळखलं नाई!” मी ओरडले. कुंपणापलीकडे काकूच्या हातातलं भांडं वाजायचं थांबलं. “मायले बी ओळखलं नाई!”

बाबा विचार करत बसले. माय पदरानं डोळे पुसत होती. चुलीपाशी बसून तिनं मी वाचलेलं सगळं ऐकलं होतं, पहिल्या भागापासून, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. मी कधी तिच्याकडे तोंड करून वाचलंच नव्हतं.

“आला तं खरं,” बाबा म्हणाले. “समाप्ती झाली. खीर चढव.”

खीर झाली. बाबांनी स्वतः वाट्या भरून घरोघर नेल्या. “आता कोणची समाप्ती? वर्षावास कुठं आहे अजून?” काकूनं विचारलं. बाबांना ऐकू गेलं नाही, पण प्रश्न ओळखीचा होता. “मोठा ग्रंथ होय,” म्हणाले. “सहा खंड. आमच्या पोरीनं वाचला.”

दुसऱ्या दिवशी, मी बससाठी निघायच्या आधी, त्यांनी पुस्तकं विहारात नेऊन ठेवायला सांगितली. समाप्ती झाल्यावर ग्रंथ घरी ठेवत नाहीत. तेही सोबत आले. मराठीतले तीन आणि इंग्रजीतले दोन मी कपाटात लावले. मधला चौथा वाचनालयाचा होता, त्याची जागा तशीच मोकळी ठेवली. गावातली पोरं आता सकाळी व्हॅननं इंग्लिश मीडियमला जातात. मराठी वाचायला त्यांच्यापैकी एकालाही येत नाही. कपाटाच्या दारावर धूळ होती. बाबांनी ती सदऱ्याच्या बाहीनं पुसली.

“वाचतीन ना कोणी पोरं?” त्यांनी विचारलं.

मी होय म्हणून मान हलवली, आणि कुलूप लावायच्या निमित्तानं तोंड कपाटाकडे फिरवलं.