खंडेनवमीला बंद केलेला लॅपटॉप

व्यंकोजी अण्णा टर्नर, मी फिटर. एकाच टूलरूममध्ये आम्ही एकतीस वर्षं काढली. आता ते अठ्ठ्याहत्तरचे, मी बहात्तरचा. दोघांची घरं शहराबाहेर, आनेकलला, एकाच गल्लीत. बायको गेल्यापासून अण्णांच्या घरी ते आणि मुलगी कमला, दोघंच.

कमला सेहेचाळीस वर्षांची. दोन वर्षांची असताना पोलिओ झाला आणि डावा पाय अधू झाला. मांडीपासून टाचेपर्यंत ती लोखंडी कॅलिपर घालते. त्याला गुडघ्यापाशी कुलूप असतं. बसताना ते हाताने उघडायचं, उभं राहिलं की आपोआप लागतं. रोज सकाळी पावणेसातच्या बसने ती शहरात जयनगरला जाते, एका शाळेच्या ग्रंथालयात. बसची पायरी उंच. पायरी चढताना सगळं वजन त्या कुलपावर येतं.

तिची पोटरी आत वळलेली आहे, विकतचा कॅलिपर सरळ असतो. आठ दिवसांत जखम व्हायची. ती अकरा वर्षांची असताना अण्णांनी पहिला कॅलिपर स्वतः केला. त्यानंतर आणखी चौदा. दर वेळी काहीतरी बदललं. शेवटच्या तीन कॅलिपरांनी एकही जखम झाली नाही.

मग अण्णांचे हात कापू लागले. त्यांनी लेथ विकला आणि ठरवलं, की सगळी मापं लॅपटॉपवर काढून ठेवायची. ड्रॉइंग पक्कं असलं की कुठलाही वर्कशॉपवाला ते बघून कॅलिपर करून देईल. "मी गेल्यावर" असं ते म्हणत नसत. "पुढे" म्हणत.

लॅपटॉप शाळेने काढून टाकलेला, कमलाने आणलेला. त्यात विंडोज सेव्हन. ड्रॉइंगचं सॉफ्टवेअरही तेवढंच जुनं, नव्या सिस्टिमवर चालत नाही. कापत्या हाताने एक रेघ जागेवर बसवायला त्यांना पाव तास लागे. असं सहा वर्षं चाललं. लॅपटॉप सुरू व्हायलाच बावीस मिनिटं लागत, म्हणून ते तो बंदच करत नसत. झाकण उघडं आणि वर धुतलेला रुमाल.

"रघुपती," ते मला एक दिवस म्हणाले, "हे मशीन खेचत नाही."

मी फोनवर वाचून एकेक गोष्ट केली. आपोआप सुरू होणारे अकरा प्रोग्राम बंद केले. न लागणारे काढून टाकले. साठलेला कचरा पुसला. पंख्याच्या जाळीतली धूळ ब्रशने आणि सायकलच्या पंपाने काढली. दर वेळी रीस्टार्ट करून अण्णा घड्याळ लावत आणि मिनिटं दाराच्या मागे खडूने लिहीत. बावीस, एकोणीस, सोळा. सोळाच्या खाली काही येईना. तेव्हा आतून बारीक कट कट ऐकू येई. अण्णांना ऐकू कमी येतं. मला येत होतं. मी समजलो, पंखा असेल.

शेवटी चौकशी करून नव्या जातीची डिस्क आणली. तिच्यात फिरणारं काही नसतं, त्यामुळे ती पळते. ती आणली त्याच्या दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती.

"पूजेआधी नवं हत्यार वापरायचं नाही," अण्णा म्हणाले. "दसऱ्याला बसवू."

"मग ड्रॉइंग तरी आज पेनड्राइव्हवर घ्या," कमला म्हणाली.

"अर्धवट ड्रॉइंग टूलरूमच्या बाहेर जात नाही."

"अण्णा, ही टूलरूम नाही. ही माझी खोली आहे आणि तुम्ही सहा वर्षं माझं टेबल अडवून बसलाय."

"कुलपाच्या खिळीचं एक माप तपासायचं राहिलंय. ते झालं की सही करून देतो."

"स्क्रीनवर सही? खडूने?"

"तुझ्या लिपस्टिकने," अण्णा म्हणाले आणि स्वतःच हसले.

कागदावर काहीच नव्हतं. कारण आमची टूलरूमची शिस्त. नवं ड्रॉइंग झालं की जुनं फाडायचं, नाहीतर कोणीतरी चुकून जुन्या मापाने काम करतो. अण्णांनी आधीच्या चौदाही कॅलिपरांचे कागद फाडले होते. पंधराव्याचा एकेक भाग लॅपटॉपवर चढला, की त्याचाही कागद गेला. ते फाडताना मी दोनदा समोर होतो. मला ते बरोबरच वाटलं होतं.

खंडेनवमीला कमलाने लोखंड पकडायचा माझा व्हाइस, अण्णांचे मापं घ्यायचे व्हर्नियर आणि मायक्रोमीटर, तिची शिलाई मशीन, असं सगळं मांडलं. कुंकू, झेंडू, चुरमुरे. दारात कोहळा फोडला. हत्याराला वर्षातून एक दिवस विश्रांती द्यायची, म्हणून अण्णांनी लॅपटॉप बंद केला. पावसाळ्याआधी वीज गेली होती, त्यानंतर पहिल्यांदाच तो पूर्ण बंद झाला; रीस्टार्टमध्ये आतली डिस्क फिरतीच राहते. नव्या डिस्कच्या खोक्यालाही कुंकू लावलं.

दसऱ्याला सकाळी बटण दाबलं. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली. डिस्क सापडत नव्हती. मी कान लावला. कट, कट, कट. तोच आवाज.

अण्णांनी लॅपटॉपच्या पोटावर बोट ठेवलं. "स्पिंडल, मधला आस, जाम झालाय."

आमच्या टूलरूममध्ये एक जुनं ग्राइंडिंग मशीन होतं. थंड झालं की त्याचं बेअरिंग धरायचं. पूजेच्या दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं ते हाताने फिरवून सोडवायचो. दर वर्षी सुटायचं.

"कुणाला तरी दाखवू," कमला म्हणाली.

"दसऱ्याला कोणाचं दुकान उघडं असणार? आणि स्पिंडल सोडवायला माणूस कशाला आणायचा?"

मी टॉर्च धरला. त्यांनी डिस्क काढली, सहा बारीक स्क्रू खोलले, झाकण उचललं. आत आरशासारखी ताटली होती. हात कापत होता, म्हणून त्यांनी उजवं मनगट डाव्या हाताने धरलं आणि बोटाने ती फिरवली. आधी अडली, मग सुटली.

"बघ," ते म्हणाले. "हात तो हात."

झाकण लावलं, डिस्क बसवली, बटण दाबलं. आतून असा चरचराट आला, की तो अण्णांनाही ऐकू गेला. मग काहीच नाही.

तीन दिवसांनी मी आणि कमला डिस्क घेऊन जयनगरला गेलो. बिघडलेल्या डिस्कमधून माहिती काढून देणारं एक दुकान तिथे आहे. अनुषा नावाची मुलगी चालवते. तिने डिस्क तपासली आणि बाहेर येऊन आधी कमलाला खुर्ची दिली.

"अंकल, ही कोणी उघडली?"

"आम्ही."

"ताटलीवर चरे पडलेत. माहिती त्या थरातच असते. तो थर खरवडला गेलाय." मग तिने विचारलं, "आधी कट कट आवाज येत होता?"

"येत होता."

"लॅपटॉप त्यामुळेच स्लो होता. डिस्क जात आली होती. तेव्हा नुसती कॉपी केली असती तर पुरे होतं."

"आता स्वल्पसुद्धा निघणार नाही?"

"नाही, अंकल."

बसमध्ये कमला म्हणाली, "काका, त्या आवाजाचं अण्णांना सांगू नका."

मी सांगितलं. काम चुकलं तर कुठे चुकलं ते सांगायचं असतं. अण्णा ऐकून घेऊन कानडीत म्हणाले, "सरी." ठीक, एवढंच.

रविवारी त्यांनी कमलाला कॅलिपर काढायला सांगितला. ती पलंगावर बसून राहिली. अण्णांनी खिळीला व्हर्नियर लावला. तीनदा माप घेतलं, तीन वेगळे आकडे आले. त्यांनी व्हर्नियर माझ्या हातात दिला. मी घेतलं. माझा आकडा तिन्ही वेळा एकच आला.

"हे झिजलेलं माप," अण्णा म्हणाले. "भोक रुंदावलंय, खिळी बारीक झालीय. मूळ किती होतं?"

"तुम्हालाच ठाऊक, अण्णा."

त्यांनी खिळीवरून अंगठा फिरवला. "ड्रॉइंगमध्ये होतं."

पोटरीपाशी पट्टी किती वळवायची, ते त्यांनी हाताने हवेत दाखवलं. हात कापत होता. दर वेळी वेगळा बाक दिसला. ते पाहून कमलाने कॅलिपर मागून घेतला आणि चढवला.

मी आयुष्यभर ड्रॉइंग बघून काम केलं. माप लिहिलेलं असेल तर केसाइतका फरक पडू दिला नाही. पण माप ठरवणारे अण्णा होते. झिजलेल्या कॅलिपरवरून मी एक करायला घेतला. चौथ्या दिवशी कमलाच्या पोटरीवर जखम झाली. तो मी मोडून टाकला.

लॅपटॉप अजून टेबलावर आहे. नवी डिस्क खोक्यात आहे, तिच्यावरचं कुंकू वाळलंय. अण्णा दाराशी बसतात. सकाळी कमला उभी राहते तेव्हा ते मला विचारतात, कारण त्यांना ऐकू येत नाही.

"लागलं?"

मी कान देतो. कुलूप लागल्याचा आवाज आता थोडा उशिरा येतो. दिवाळीत येत होता त्याहून उशिरा.

"लागलं," मी सांगतो. ती बसकडे निघते आणि आम्ही दोघं कोपऱ्यापर्यंत तिच्या पायाकडे बघत बसतो.