म्हशीपुढे लावलेला सोक्षमोक्ष

सोक्षमोक्ष हा शब्द आमच्या घरात बायकोने आणला. कीर्तनात ऐकला की तहसीलीत, देव जाणे. मी चौथीतून पळालेला माणूस. गावात कोणी सोक्षमोक्ष म्हटलं की मी आधी काठ्या किती निघाल्या ते बघायचो. ती मात्र डब्याचं झाकण अडकलं तरी म्हणायची, "आज येन्हा सोक्षमोक्ष लाई टाकसू." जोर लावून तिचं तोंड कपाशीच्या गोणीसारखं फुगायचं, पण झाकण निघायचंच.

यंदा ती गेली. घर खायला उठतं. पण तो दिवस आठवला की मी एकटाच हसतो, लोक म्हणतात म्हातारा गेला कामातून.

बांधावरचं निंबाचं झाड कोणाचं, यावरून थोरला भाऊ आणि मी चार वर्षं बोलत नव्हतो. घरं भिंतीला भिंत, अंगण एक. पोरीचं लग्न आठ दिवसांवर आलं आणि तिला मोठ्या बाबाशिवाय, म्हणजे माझ्या ह्या दादाशिवाय, मांडवात बसायचं नव्हतं. रडून तिने डोळे सुजवले. मी म्हणालो, मी मेलो तरी बोलवायला जाणार नाही.

"मंग आज सोक्षमोक्ष," बायको म्हणाली.

आता आमच्याकडे जेठासमोर धाकट्याची बायको तोंड उघडत नाही. तीस वर्षांत ती त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती. तिने पदर नाकापर्यंत ओढला, अंगणात बांधलेल्या म्हशीजवळ गेली आणि खणखणीत आवाजात सुरू केलं. भाऊ समोरच खाटेवर तंबाखू मळत होता.

"म्हशी, त्यास्ले सांग, निंब तुम्हना. मांडवमा येशात का नही, ते आते सांगा!"

भाऊ खाटेवरून उठला. म्हशीकडेच बघून म्हणाला, "म्हशी, तिले सांग, निंब कोनले जोयजे? माले कोनी बलायंच नही!"

म्हैस रवंथ करत होती. बायको गरकन माझ्याकडे वळली. "ऐकं का? बलावा."

मी कसाबसा म्हणालो, "दादा, ये ना भो."

तो म्हशीला सोडून माझ्याकडे वळला.

"मांडवना खांब कोन गाडी ऱ्हायना?"

"मी."

"तू? गाढवा, तुले एक खांब तरी सरळ गाडता येस का?"

आणि घरात जाऊन पहार घेऊन आला. चार वर्षांनी मला कोणी गाढव म्हणालं होतं. इतकं बरं वाटलं की मी त्याच्यामागे खड्डे खणायला पळतच गेलो.